पायरीवर बसलेला माणूस

४ ऑक्टोबर

प्रिय खडूस,

तुझ्या बेटावर टपालाची बोट पंधरवड्यातून एकदाच जाते, असं तुझ्या त्या पक्षीवाल्या संस्थेतल्या माणसाने सांगितलं. फोन लागत नाही हेही त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला फार बरं वाटत असावं. भांडण झालं की माणसं दार आपटून शेजारच्या खोलीत जातात. तू थेट समुद्र ओलांडलास. तुझं सगळंच मोठ्या मापाचं.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत. तू पक्ष्यांचे फोटो काढतोस हे ती शेजारच्या काकूंना अशा थाटात सांगते, जणू ते पक्षी तूच जन्माला घातलेस. तुझ्या टेबलावर ऑफिसने एक कुंडी आणून ठेवली आहे. ती निदान माझ्याशी वाद घालत नाही.

त्या दिवशी तू अंक माझ्यासमोर आपटलास आणि सगळ्यांदेखत विचारलंस, "पायरीवरचा माणूस कुठे गेला?" मी म्हणाले, "जेवायला गेला." सगळे हसले. मला तो विनोद तेव्हाही आवडला नव्हता, पण तोंडातून निघून गेला आणि तू तुझी बॅग उचललीस.

पण तूही जरा समजून घ्यायला हवं होतंस. साबणाच्या कारखान्यातला तो फोटो मुळात आतल्या पानासाठी होता. रोजच्या वापरातल्या वस्तू कोण बनवतं, असं आपलं साधं सदर. तू सकाळी फोटो काढून परत आलास आणि दुपारी तिथला बॉयलर फुटला. नदीकडची भिंत आतल्या माणसांसकट पाण्यात गेली. संध्याकाळी साहेबांनी तोच फोटो मुखपृष्ठावर घेतला. संपादक म्हणून त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कढईपाशी उभी राहून मोकळेपणी हसणारी ती बाई, अपघाताच्या काही तास आधी. आता मुखपृष्ठ म्हटलं की मथळ्याची ओळ आली, आणि ओळ म्हटली की तिला जागा आली. जागा होती फक्त डाव्या कोपऱ्यात, आणि तिथे पायरीवर एक माणूस बसलेला, अंधारात, अर्धामुर्धा. ओळ नेमकी त्याच्या छातीवर बसली असती. मी त्याला फोटोतून पुसून काढलं. वायर काढते, चहाचे कप काढते, मंत्र्यांच्या गळ्याखालची वळी काढते, तसंच. यात कुणाचं काय जातं, असं मी तेव्हा म्हणाले होते. अजूनही तेच म्हणते.

एक किरकोळ काम आहे. त्या फोटोची मूळ प्रत तुझ्या लॅपटॉपवर असेल तर पाठव. घाई नाही. आपली संग्रहाला असावी म्हणून.

जेवत जा. पक्षी खातात ते खाऊ नकोस.

ताई

१९ ऑक्टोबर

खडूस,

बोट येऊन गेली. तुझ्याकडून काही आलं नाही.

घाई नाही असं लिहिलं ते खोटं होतं. संग्रहाला हवाय हेही खोटं. तुझ्यासमोर पडतं घ्यायला मला लहानपणापासून जड जातं, हे तुला ठाऊक आहे. आता जे लिहितेय ते नीट वाच.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या आठवड्यात एक बाई ऑफिसात आली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आपला अंक. स्वागतकक्षातून मला फोन आला की एक बाई आली आहे, अंकातलं पान गळलंय म्हणते. मला वाटलं, बांधणीची तक्रार असेल. खाली गेले. तिने अंक पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, यात एक फोटो कमी आहे का?"

तिचा नवरा त्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. साबणाच्या वड्या कापायच्या विभागात. त्या दिवशी सकाळी त्याने कुणाच्या तरी मोबाइलवरून तिला फोन केला. म्हणाला, "आज एका फोटोवाल्याने माझा फोटो काढलाय. पायरीवर बसलो होतो तेव्हा. छापून येणार आहे, अंक घेऊन ठेव." तिला हसू आलं होतं म्हणे, कारण लग्नातसुद्धा तो फोटोला उभा राहायला तयार नव्हता. ज्याच्या मोबाइलवरून फोन केला तो माणूसही भिंतीबरोबर गेला. नवऱ्याचा देह सापडला नाही. नदीने नेलेले बरेच जण सापडले नाहीत. पण बाकीच्यांची नावं कंपनीने लावली, याचं लावलं नाही. कंपनी म्हणते, तो आदल्या आठवड्यातच काम सोडून गेला होता. ठेकेदारही तेच म्हणतो. हजेरी त्याच्याच हातात.

"मग ते कुठे आहेत, असं मी विचारलं," ती सांगत होती, "तर म्हणाले, पळून गेला असेल कुठे. बायका-पोरांना कंटाळून जातात माणसं. आता सासूसुद्धा तेच म्हणते. पोरीला शाळेत विचारतात, तुझा बाप कुणाबरोबर गेला? मला दुसरं काही नको मॅडम. ते कामाला गेले होते एवढं कुणीतरी म्हणायला हवं."

मी अंक हातात घेऊन मुखपृष्ठ पाहिलं. पायरी रिकामी. त्यावर आपली पांढरी, ठसठशीत ओळ.

तेवढ्यात तिने बोट ठेवलं. ओळीवर नाही, पायरीच्या खाली. तिथे फरशीवर पाणी साचलं होतं, आठवतं तुला? त्या पाण्यात दोन रबरी बूट दिसतात, उलटे. डाव्या बुटावर लाल ठिगळ आहे. "हे त्यांचे बूट," ती म्हणाली. "ठिगळ मी लावलंय, सायकलच्या ट्यूबचं." मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाली, "बूट इथे आहेत, मग ते कुठे आहेत?"

माणूस काढला आणि पाण्यातलं प्रतिबिंब तसंच राहिलं. शिकाऊ पोरगीही करणार नाही अशी चूक. खरं सांगते, मला आधी लाज वाटली ती या चुकीची. त्या माणसाची आठवण नंतर झाली.

मी तिला म्हणाले, "छपाईत कधीकधी असं होतं."

ती मान डोलावून निघून गेली. छपाईतलं मला जास्त कळतं, असं तिला वाटलं असणार.

फोटो पाठव.

ताई

२ नोव्हेंबर

अरे बाबा,

दुसरी बोटही रिकामी. पत्रं तुला मिळतायत ना? त्या माणसाला पुन्हा फोन केला. म्हणाला, "मिळतात. बोटवाला म्हणतो, वाचून खिशात ठेवतो." म्हणजे वाचतोस. ठीक आहे. शिव्या घाल, पण फोटो पाठव.

तुला वाटेल, ऑफिसात असेलच की मूळ फोटो. मीही तसंच समजून होते. मग आपल्या ऑफिसची पद्धत आठवली. कॅमेऱ्याचं कार्ड ऑफिसचं. फोटो उतरवून घेतले की संध्याकाळी ते पुसून दुसऱ्याच्या हातात. आणि सर्व्हर भरतो म्हणून साहेबांचा तो लाडका नियम, एका फोटोची एकच फाइल. मी बदल करून जतन केलं ते त्याच नावावर, जुन्याच्या उरावर. मूळ फोटो माझ्याच हाताने गेला. सगळे कप्पे धुंडाळले. कुठेही काही नाही. तू कार्ड पुसायच्या आधी स्वतःसाठी उतरवून घेतलेली प्रत तेवढी शिल्लक असेल, तर असेल.

त्या बाईच्या घरी गेले होते. एक खोली, एक खिडकी, भिंतीला टेकवलेली शिलाई मशीन. मुलगी अभ्यास करत होती, मी बोलायला लागल्यावर पेन्सिल थांबली. मी सांगितलं की तुमचे यजमान फोटोत होते आणि मी त्यांना काढलं. ती रडेल, ओरडेल, असं धरून चालले होते. ती म्हणाली, "का? वाईट दिसत होते का?"

काय सांगू? ओळीला जागा हवी होती म्हणून? सांगितलं तसंच. तिने ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "ओळ वर नसती का बसली?"

बसली असती रे. थोडी लहान करून बसली असती.

साहेबांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं खरं. पण आपण फोटोतून माणूस काढला असं छापलं, तर उद्या लोक मागचा प्रत्येक अंक उकरून बघतील. आणि बघितलं तर सापडेल. तुला माहीत आहे, मला माहीत आहे." मी म्हणाले, "मग सापडू दे." ते म्हणाले, "इथे माणसं कामाला आहेत, त्यांची पोटं आहेत. तुझी आई आहे." हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत, अगदी काळजीने बोलले. त्यामुळे मला भांडताही येईना. चहा पिऊन बाहेर आले.

फोटोतल्या त्या हसऱ्या बाईलाही गाठलं. ऑफिसात तिला आम्ही साबणराणी म्हणतो, तिला हे माहीत नाही. ती वाचली, हाताला भाजल्याचे डाग आहेत. कंपनीने आता तिला कायम केलंय. विचारलं, मागे कोण बसलं होतं? म्हणाली, "ताई, मी पुढे बघून हसत होते. मला काय पाठीला डोळे आहेत?" खोटं बोलत होती का? चेहरा मी वाचू शकले नाही. आणि ती काही चुकीचंही म्हणाली नाही.

कामगार कार्यालयात चौकशी लागली आहे, महिनाअखेरीला. त्या बाईने माझं नाव साक्षीला दिलंय. मी जाणार आहे. साहेबांना सांगितलेलं नाही. पण रिकाम्या हाताने जाऊन मी काय सांगू? की तिथे एक माणूस होता? कोण होता, तर मला सांगता येणार नाही. आपल्या कामात कडा बघतात. कान कुठे संपतो, भिंत कुठे सुरू होते, सावलीचा रंग कुठला. मी त्या माणसाची कड अख्खी फिरले, केसांपासून बोटांपर्यंत, आणि त्याचा चेहरा मला आठवत नाही. रोज डोळे मिटून आठवायला बसते. येत नाही.

तूच म्हणायचास, फोटोला हात लावायचा नाही, म्हणजे नाही. मी तुला सोवळ्यातला फोटोग्राफर म्हणून चिडवायचे. तुझं ते सोवळं आता मला हवंय. पाया पडते. मोठी बहीण धाकट्याच्या पाया पडते म्हटल्यावर आई मला घरात घेणार नाही, पण पडते.

ताई

१६ नोव्हेंबर

माझ्या राजा,

पेनड्राइव्ह मिळाला. मोज्यात गुंडाळून पाठवायची कल्पना तुझीच असणार. मोजा धुवायची कल्पना मात्र तुला सुचली नाही. चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत. चालेल, पण त्या माणसाचा फोटो तूच काढलास एवढं चौकशीसाठी लिहून, सही करून पुढच्या बोटीने पाठव.

फोटो उघडला. तो आहे. पायरीवर बसलाय, गुडघ्यांवर कोपरं टेकून, डोकं जरा कलतं. कॅमेऱ्याकडे बघतोय आणि आपण बघत नाही असं दाखवायचा प्रयत्न करतोय. मिशीखाली हसू दाबलंय. चेहरा स्पष्ट दिसतो.

त्या बाईला ऑफिसात बोलावून पडद्यावर दाखवला. ती खुर्ची ओढून पडद्याजवळ बसली. मग म्हणाली, "केस विंचरले नव्हते त्या दिवशी."

एक छोटीशी गोष्ट तुला विचारायची होती. राहू दे. चौकशी होऊन जाऊ दे.

आई म्हणते, तू परत ये, मी दोघांनाही एकेक ठेवून देते आणि मग दोघांना वाढते.

ताई

१ डिसेंबर

बाळा,

हे पत्र तुला पाठवावं की नाही हे मला कळत नाहीये. आधी ठरवलं होतं, तुला फक्त "जमलं नाही" एवढंच कळवायचं. पण मी तुझ्यापासून काही लपवलं की तू समुद्र ओलांडतोस. आता त्याच्याही पलीकडे कुठे जाशील?

मागच्या पत्रात विचारायचं टाळलं ती गोष्ट ही होती. फाइल उघडताक्षणी मला दिसलं की डावा कोपरा उजळलेला आहे. माझ्या नजरेतून ते सुटतं होय? मी ज्याला काढलं तो अंधारात बसला होता, अर्धा. तू पाठवलास तो उजेडात होता. तू फाइल पाठवायच्या आधी उघडलीस, त्याचा चेहरा वर काढलास आणि त्याच नावावर जतन केलीस. बायकोला माणूस नीट दिसावा म्हणून केलंस. मला माहीत आहे. माझी पत्रं वाचून केलंस. आयुष्यात फोटोला कधी हात न लावणारा तू, त्या बेटावर बसून एका अनोळखी बाईसाठी हात लावलास. मला तुझी इतकी माया वाटली, की त्याच्या पुढचं काही मला बघवेना. पण पुढचं तेव्हाच दिसलं होतं. फाइलवर तारीख अपघातानंतरची पडली होती.

मी कुणालाच बोलले नाही. त्या बाईलाही नाही, तिच्या बाजूच्या वकिलालाही नाही. वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. इतकी वर्षं माझं काम कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याचीच सवय.

चौकशीची खोली लहान होती. एक लांब टेबल, कपाटावर कागदांचे गठ्ठे, पंखा चालू केला की कागद उडतात म्हणून पंखा बंद. कंपनीचा वकील आवाज न चढवणारा, बायकांना आधी बसू देणारा. त्याच्यासमोर फोटो तपासणाऱ्या जाणकाराचा अहवाल होता. त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही या फोटोतून एक माणूस काढलात, असं तुम्ही म्हणता. काढलेलं वाचकांना कळलं?"

"नाही."

"इतक्या सफाईने माणूस काढता येतो, तर घालताही येतो?"

"येतो."

"पाण्यात आधीच बूट दिसत असतील, तर त्यावर बसेल असा माणूस घालणं सोपं जाईल?"

"सोपं जाईल. पण मी घातलेला नाही."

"तुम्ही काढलेल्या माणसाचा चेहरा तुम्हाला आठवतो?"

"नाही."

मग त्याने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. आपलं मुखपृष्ठ आणि तू पाठवलेला. "हा कोपरा छापलेल्या अंकात काळोखा आहे. इथे उजळ आहे. याला नंतर हात लागलाय का?"

मी नाही म्हणू शकले असते, असं तुला वाटेल. मलाही रात्रंदिवस तसंच वाटतं. पण मी फार मोठी सत्यवादी आहे म्हणून हो म्हणाले, असं समजू नकोस. त्याच्या हाताखालचा अहवाल मला दिसत होता. नाही म्हटलं असतं तर मी जे खरं सांगितलं होतं तेही बुडालं असतं. हो म्हटलं तर फोटो बुडत होता. मी हो म्हणाले.

"कुणी?"

"ज्याने काढला त्याने."

"अपघातानंतर?"

"हो. पण फक्त उजेड वाढवलाय, माणूस तिथेच होता—"

"धन्यवाद, मॅडम."

तुझं लेखी निवेदन वाचलं गेलं. वकील म्हणाला, निवेदन देणारा साक्षीदाराचा सख्खा भाऊ आहे आणि नोकरी सोडून भांडून गेलेला आहे. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, दोन्ही फोटो कितीतरी वेळ बघितले. मग म्हणाला, "बाई, मला वाटतं ते वेगळं. पण दोन्ही फोटोंना हात लागलेला आहे. यातला एकही मला धरता येत नाही." नोंद झाली की सदर इसम अपघाताच्या दिवशी कामावर असल्याचं सिद्ध होत नाही.

स्वतःला दोष देत बसू नकोस. देशील, मला माहीत आहे, पण निदान तिथल्या थंडीत उपाशी राहून देऊ नकोस. दोष द्यायचाच तर आधी माझा नंबर लागतो. आणि माझ्या दोषाचंही पुढे काही होत नाही. साहेबांना साक्षीचं कळलं, ते ओरडलेही नाहीत. म्हणाले, "जे झालं ते झालं. उद्या मुखपृष्ठ जायचंय." मी टेबलाशी जाऊन बसले. एका नटीच्या मागे दिव्याचा खांब आला होता. मी तो काढला. ओळीला जागा हवी होती.

पण तुला हे सगळं लिहायचं खरं कारण चौकशी नाही. बाहेर आल्यावरचं आहे.

ती बाई जिन्यात थांबली होती, मुलीचा हात धरून. तिच्या हातात तुझ्या फोटोची मी काढून दिलेली प्रत होती. मला वाटलं, परत करायला थांबली आहे. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "ताई, ते आत म्हणाले, फोटो धरता येत नाही. पण तुम्ही म्हणालात, ते तिथे बसले होते. त्यांच्या भावानेही नाही, तुमच्या भावाने लिहून दिलं, बसले होते. मग यात खोटं काय आहे?"

"उजेड," मी म्हणाले. "फक्त उजेड. खरं तर तिथे अंधार होता, त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. माझ्या भावाने तो दिसेल असा केला. ते करायला नको होतं."

तिने फोटोकडे पाहिलं. मुलीनेही टाचा उंचावून पाहिलं.

"असं कसं म्हणता?" ती म्हणाली. "माझ्याकडे त्यांचा दुसरा फोटोच नाही. तुमच्या भावाला सांगा, फार उपकार झाले."

सांगितलं.

ताई